बाकीचे दोन पाय कुठे गेले?

गणपती उठले की आमच्या भागातली चांगली शिकलेली, पेन्शन घेणारी माणसं जमिनीवर सरपटू लागतात. पावसाने उघडीप दिलेली असते, टेकडीच्या वाटेवर घाणेरी फुललेली असते, तिच्यावर फुलपाखरं उतरतात आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि कोपरांना चिखल अशा अवस्थेत निवृत्त शाखाधिकारी उतरतात. २०२० पासून सप्टेंबर महिना देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून साजरा होतो, त्यामुळे या सरपटण्याला आता राष्ट्रीय अधिष्ठानही आहे. पण ते रस्त्यावरच्या लोकांना कुठे ठाऊक? गटाराच्या कडेला एखादा सभ्य माणूस पालथा पडलेला दिसला की आपल्याकडे गर्दी जमायला वेळ लागत नाही. “काका, चक्कर आली का?” “पाणी आणू का?” काका नुसताच हात हलवून गप्प बसायला सांगतात. त्यावरून काहीतरी किमती वस्तू पडली असावी असा लोकांचा समज होतो आणि दोन-चार जण मदतीच्या भावनेने वाकून गवतात शोधू लागतात. त्यांची सावली पडते. फुलपाखरू उडून जातं. काका कोपर झटकत उठतात आणि म्हणतात, “गेलं!”

“जाऊ द्या हो काका,” मदतीला आलेला हळहळतो, “किती ग्रॅमचं होतं?”

याच मंडळींची दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक भरते. प्रत्येकाने दोन फोटो आणायचे, ते पडद्यावर लावायचे, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा आणि अभिप्रायाबरहुकूम फोटोत तिथल्या तिथे सुधारणा करायची, असा शिरस्ता आहे. सुधारणा मी करतो. माझ्याकडे कॅमेरा नाही. पण आयुष्य लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापण्यात गेल्यामुळे फोटोशॉपवर हात बसलेला आहे. कित्येक नवरदेवांचे मुरूम काढून मी त्यांना बोहल्यावर चढवलंय. त्यामुळे लॅपटॉप माझ्याकडे. लॅपटॉपमागे बसणाऱ्याला पडदाही दिसतो आणि पडद्याकडे बघणारे चेहरेही, आणि खरं सांगायचं तर चेहरे जास्त प्रेक्षणीय असतात.

अभिप्राय देणाऱ्याने फोटो बघितलाच पाहिजे, असं क्लबच्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. आमचे क्रॉपकाका फोटो पडद्यावर पुरता उघडायच्या आत “डावीकडून जरा कापा” म्हणतात. ताजमहाल दाखवला तर डावीकडचे दोन मिनार जातील. एकदा कुणीतरी ग्रास ज्वेल आणलं होतं. पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भरणारं ते इवलंसं फुलपाखरू. काका “अजून, अजून” म्हणत गेले आणि मी कापत गेलो. शेवटी पडद्यावर नुसते करडे-तपकिरी चौकोन उरले. “हां, आता कसं जवळून वाटतं,” काका म्हणाले. त्यांच्या शेजारी बसणारे गृहस्थ प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारतात, “लेन्स कुठली?” फोटो चांगला असेल तर श्रेय लेन्सचं, वाईट असेल तर “या लेन्सकडून ही अपेक्षा नव्हती.” फोटो काढणारा दोन्ही वेळा बिनमहत्त्वाचा.

एकीने हळदीकुंकू आणलं. म्हणजे इंग्रजीतलं जेझेबेल. ते बसलं होतं पंख मिटून, पिवळ्या धमक पंखांवर कडेने लाल ठिपके. अभिप्राय आला, “फोटो चांगला आहे, पण पंख उघडेपर्यंत थांबायला हवं होतं.” पंख उघडले असते तर पांढऱ्यावर काळ्या रेघा दिसल्या असत्या. सगळी श्रीमंती या फुलपाखराने खालच्या बाजूला ठेवली आहे. हे सांगितल्यावर अभिप्राय देणारे किंचित दुखावले आणि म्हणाले, “तरी पण.”

ऑडिट खात्यात हयात गेलेले एक गृहस्थ अलीकडेच सभासद झालेत. एका कॉलेजातल्या मुलीने ब्लू पॅन्सीचा फोटो लावला. जमिनीच्या पातळीवरून घेतलेला, निळे पंख अर्धवट उघडलेले, डोळा समोर. सगळ्यांनी “वा” म्हटलं. ऑडिटर चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी गेले, बोटाने काहीतरी मोजलं आणि मागे वळून म्हणाले,

“कीटकाला पाय किती?”

“सहा,” कोणीतरी शाळकरी उत्साहाने म्हणालं.

“इथे चार आहेत. बाकीचे दोन कुठे गेले?”

हॉल एकदम गंभीर झाला. मुलगी गोंधळली. “सर, क्रॉपमध्ये गेले असतील.” मूळ फाइल मागवण्यात आली. मूळ फाइलमध्येही चारच. “म्हणजे आधीपासूनच गहाळ आहेत,” ऑडिटरांनी शेरा मारला. क्रॉपकाकांनी तोडगा काढला, “त्यात काय, मधला पाय कॉपी करून पुढे लावा. पाय सगळे सारखेच.” मी माउस सरसावला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला. हे गृहस्थ फोटोकडे कधी फोटो म्हणून बघतच नाहीत, त्यांना फक्त नर की मादी एवढंच सांगायचं असतं. पण त्या दिवशी ते सविस्तर बोलले. पॅन्सी ज्या निम्फॅलिडी कुळातली, त्या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड असतात. ते छातीशी दुमडून ठेवलेले असतात, चालायला-उभं राहायला उपयोगाचे नाहीत. टायगर, क्रो, एगफ्लाय, राजा, नवाब हे सगळे त्याच कुळातले आणि सगळे चार पायांवरच उभे राहणारे. ऑडिटरांनी क्षणभर विचार केला. “मग नोंद तशी घ्या,” ते म्हणाले, “चार वापरात, दोन शिल्लक.”

असं कधी हसण्यावारी जातं, पण कधी जात नाही. एकदा कॉमन सिल्व्हरलाइनचा फोटो आला. फिकट पिवळसर पंखांवर तांबडे पट्टे, त्यांच्या आत चांदीची बारीक रेघ. “डोळा काय शार्प आलाय!” अशी चहूकडून वाहवा झाली. मलाही तसंच वाटलं. डोळा, वर दोन बारीक मिशा, सगळं नीट. तेवढ्यात फोटो काढणारा दबक्या आवाजात म्हणाला, “ती शेपटी आहे.” सिल्व्हरलाइनच्या मागच्या पंखाच्या कोपऱ्यात नारिंगी ठिगळ असतं, त्यावर काळे ठिपके आणि पुढे केसासारखी दोन शेपटं. बसल्यावर ते मागचे पंख वरखाली चोळतं, शेपटं हलतात, आणि पक्ष्याला वाटतं डोकं इकडेच आहे. पक्षी तिथे चोच मारतो, कोपऱ्याचा तुकडा तोडून नेतो, फुलपाखरू दुसऱ्या टोकाला असलेलं आपलं खरं डोकं घेऊन निघून जातं. जी युक्ती पक्ष्यांवर चालते ती आमच्या ज्येष्ठ सभासदांवर चालावी, यात फुलपाखराचा काही दोष नाही.

पण गंमत पुढेच होती. त्याचा दुसरा फोटो होता त्याच जातीचा, फक्त त्यात तो कोपरा तुटलेला होता. म्हणजे चोच बसली होती आणि युक्ती यशस्वी झाली होती. अभिप्राय एकमुखी आला, “पंख खराब आहे, आधीच्या फोटोतला तुकडा कॉपी करून भरा.” चहा यायच्या आत पंख कोरा करकरीत झाला. एका पक्ष्याची फसगत आणि एका फुलपाखराची सुटका, दोन्ही घटना पडद्यावरून नाहीशा झाल्या. टाळ्या पडल्या.

डॅनेड एगफ्लायच्या नराचंही तेच. काळ्या पंखांवर पांढरे गोल ठिपके आणि त्यांच्याभोवती निळी-जांभळी झाक. ही झाक रंगद्रव्याची नसते. खवल्यांच्या बारीक रचनेवरून प्रकाश परततो म्हणून ती दिसते, आणि कोन बदलला की नाहीशी होते. तुम्ही इकडून बघता तेव्हा ते कोळशासारखं काळं, तिकडून बघता तेव्हा जांभळं. हा फोटो लागला की क्लबात दोन तट पडतात. “एवढं निळं नसतं, सॅच्युरेशन कमी करा.” “कमी काय, अजून खुलवा.” मी एकदा कमी केलं, एकदा वाढवलं, पुन्हा कमी केलं, आणि शेवटी मधे आणून ठेवलं. दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या. फोटो काढणाऱ्याने तो कुठल्या कोनातून काढला, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आणि मग राजा. ब्लॅक राजा हे भारदस्त फुलपाखरू. मागच्या पंखांना टोकं, उडणं दमदार. इंग्रजांनी या मंडळींना राजा, नवाब, बॅरन अशा पदव्या दिल्या खऱ्या, पण पदवीवरून आहाराची कल्पना करू नये. फुलांवर ते क्वचितच येतात. सडलेली फळं, झाडाचा पाझरणारा चीक आणि जनावरांची विष्ठा हे त्यांचं पंचपक्वान्न. आमच्या एका सभासदाला राजा अगदी जवळून मिळाला, कारण तो जेवत होता. रस्त्याच्या कडेला कुत्र्याने सोडलेल्या ऐवजावर सोंड रोवून तो इतका तल्लीन होता की लेन्स त्याच्या अंगावर आली तरी हलला नाही. फोटो पडद्यावर आला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर नाकाला लावला. हॉलभर शांतता. मग अध्यक्षांनी घसा खाकरून अभिप्राय दिला,

“फुलपाखरू उत्तम आहे. फक्त खालचं ते... क्लोन करून काढा.”

काढलं. आता राजा हवेत, चार पाय टेकायला काही नाही आणि सोंड शून्यात. “खाली एक फूल बसवा,” बाई म्हणाल्या. जास्वंद बसवलं. राजा जास्वंदावर विराजमान झाला. त्याने तिथे काय खावं हा त्याचा प्रश्न. क्लबच्या मते हा वर्षातला सर्वोत्कृष्ट फोटो, आणि तो आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निसर्ग विभागात पाठवायचाच असं ठरलं. नियम वाचले तेव्हा पंचाईत झाली. फियाप, पीएसए आणि आरपीएस या तिन्ही संस्थांनी मिळून निसर्ग-छायाचित्रणाची एकच व्याख्या केली आहे. कापाकापी चालेल, उजेड-अंधाराची डागडुजी चालेल, पण चित्रातलं काही काढणं, घालणं किंवा हलवणं चालणार नाही. म्हणजे ज्या फोटोला क्लबने नाक मुरडलं तोच जगात चालला असता. अध्यक्षांनी तो नियम दोनदा वाचला आणि म्हणाले, “परदेशात त्यांना सगळं चालतं.”

आता टूलरूमवाल्यांविषयी लिहायला हवं. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर डाय बनवले. शतांश मिलिमीटरमध्ये विचार करण्याची सवय. बैठकीत ते फारसं बोलत नाहीत, बोलले की मात्र माझ्या हाताला काम उरत नाही. त्यांचं शास्त्र एवढंच आहे: फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी घेतली आणि अ‍ॅपर्चर एफ-आठ ठेवलं, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे एक मिलिमीटर खोल असतो. एक मिलिमीटर! आमच्या लोकांना ते कमी वाटतं, टूलरूमवाल्यांना भरपूर. कमी वाटणारे म्हणतात, एफ-बावीस लावा. तसं केलं की पट्टा वाढतो, पण एवढ्या बारीक भोकातून प्रकाश विवर्तनाने पसरतो, सगळंच एकसारखं मऊ होतं, शिवाय उजेड कमी पडून शटर मंदावतो आणि वाऱ्याने हललेलं पान फोटोत उतरतं.

“पंख मिटलाय ना?” त्या कॉलेजच्या मुलीचा दुसरा फोटो बघून ते तिला म्हणाले. “मग तो सपाट पत्रा आहे. पत्र्याला कॅमेऱ्याची पाठ समांतर धर. समांतर असेल तर पुढचं टोक, मागचं टोक, डोळा, सगळं त्या एका मिलिमीटरच्या आसपास येतं. तू वरून घेतलंयस. तू उभी होतीस ना?”

“हो काका.”

“गुडघ्यावर बस. हळू. आणि सूर्य पाठीशी घेऊ नकोस, तुझी सावली त्याच्यावर पडेल.”

तिथे क्रॉपकाकांना राहवलं नाही. “पण एडिटिंगमध्ये शार्पनेस वाढवला तर?”

मी वाढवून दाखवला. पंखाच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटली, बाकी होतं तसंच राहिलं. शार्पनिंग म्हणजे आहे त्या कडेलगतचा उजेड-अंधार वाढवणं. जी कड कॅमेऱ्यात आलीच नाही ती कुठून येणार? मग सॉफ्टवेअरमधल्या एका तरुण सभासदाने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि एआयचं बटण दाबलं. अहाहा! खवलं न् खवलं दिसू लागलं, ओळीत बसवलेलं, चकचकीत. मागच्या रांगेतले नर-मादीवाले पुढे आले, बारकाईने बघितलं आणि म्हणाले, “सुंदर आहे. कुठल्या जातीचं?”

जळलेल्या पांढऱ्याचं दुखणंही असंच. सायकी नावाचं नाजूक पांढरं फुलपाखरू जमिनीलगत रेंगाळत उडतं, बसायचं नाव घेत नाही. एखादं चुकून गर्द हिरव्या पानावर टेकलं तर कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्यावर आणायला बघतो, पान उजळतो आणि पांढरं जाळून टाकतो. पंखाच्या खालच्या बाजूची हिरवट नक्षी तिथेच संपते. लोक मला म्हणतात, “हायलाइट खाली ओढा.” मी ओढतो. पांढऱ्याचं करडं होतं, नक्षी येत नाही. टूलरूमवाल्यांचा सल्ला पुन्हा फोटो काढतानाचाच: पांढरं दिसलं की एक्सपोजर आधीच कमी करा, काळ्या ब्लू मॉर्मनच्या वेळीही जरा कमीच ठेवा, आणि जेपेगऐवजी रॉ घ्या, म्हणजे या लॅपटॉपवाल्याला निदान काहीतरी हाताशी राहील. ‘लॅपटॉपवाला’ म्हणजे मी. त्यांना माझं नाव माहीत आहे, पण ते वापरत नाहीत.

ब्लू मॉर्मनचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगून टाकतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू केलं. राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यामुळे प्रत्येक सभासदाला तिचा फोटो हवा असतो. पण ती फुलावर मध पितानाही पंख थरथरवत राहते, सोंड आत आणि पंख चालूच. म्हणून आमच्याकडे राणी पाकोळीचे फोटो भरपूर आहेत आणि एकाही फोटोत पंख नीट नाहीत. यावर अभिप्राय नेहमी तोच, “हलला.” कॅमेरा हलला की राणी हलली, याचा खुलासा कुणी मागत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक फोटो आला तो मात्र निर्दोष होता. मिशीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सगळं शार्प. वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेले अनेक फोटो एकमेकांत मिसळून केलेला. बैठक भारावली. क्रॉपकाकासुद्धा गप्प. टूलरूमवाल्यांनी विचारलं, “एवढा वेळ ते हललं नाही?” सभासद म्हणाला, “थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं होतं. भाजीच्या कप्प्यात.” फुलपाखराचं अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, ही गोष्ट खरी. म्हणूनच सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसतं आणि फोटोला सर्वांत सोयीचं असतं. पण त्यासाठी सकाळी उठावं लागतं. कोथिंबिरीशेजारी थिजवणं सोपं. असली चलाखी मोठ्या व्यासपीठावरही झाली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ मध्ये बक्षीस मिळालेला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला आणि २०१८ मध्ये ते बक्षीस काढून घेतलं गेलं. हे मी बैठकीत सांगितलं. सभासद म्हणाला, “आमचं जिवंत होतं हो. नंतर उडालं.” बाईंनी विचारलं, “आणि ती कोथिंबीर तुम्ही खाल्लीत?”

तर माझं मत असं झालं आहे. ज्या अभिप्रायाने मला काम लागतं तो सहसा वाया जातो. ज्याने फोटो काढणाऱ्याला पुढच्या रविवारी ओल्या गवतात गुडघे टेकावे लागतात, तोच कामाचा. त्या मुलीने पुढच्या महिन्यात पुन्हा पॅन्सी आणली. मिटलेले पंख कॅमेऱ्याला समांतर, डोळ्यावर फोकस, एका पंखाची कड कुरतडलेली. मी उजेड किंचित कमी केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. क्रॉपकाका म्हणाले, “डावीकडून जरा...” आणि टूलरूमवाल्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

तुमच्याकडेही फाटक्या पंखांचे, शेणावरचे, चार पायांचे फोटो पडून असतील. ते सुधारत बसू नका. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाकडे पाठवा. तिथे फोटोबरोबर तारीख आणि ठिकाण मागतात. बॉर्डर, कोपऱ्यातली सोनेरी सही आणि जास्वंद मागत नाहीत.